निखाऱ्यांचं वजन : बिडाच्या डच ओव्हनच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर, रविवार

माळ्यावरून भांडं खाली काढलं. तीन वर्षांपूर्वी भाच्याने अमेरिकेहून येताना आणलेला बिडाचा डच ओव्हन. २३ किलोच्या बॅगेत या एका भांड्याचेच ९ किलो गेले, म्हणून त्याने स्वतःचे कपडे तिकडेच ठेवले होते. एवढ्या मायेने आणलेली वस्तू दोन पावसाळे पोत्यात पडून राहिली, याचं आज पोतं सोडताना फार वाईट वाटलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तांबूस गंज, तळाला सुपारीएवढे डाग, कडीच्या दोन्ही कानांत खपल्या.

मापं घेतली. आतला व्यास ३० सेंमी, म्हणजे १२ इंची. पाणी मोजून ओतलं तर पावणेसहा लिटर मावतं. खाली तीन आखूड पाय, वर बादलीसारखी कडी, झाकण जवळजवळ सपाट आणि त्याच्या कडेने वर उठलेला काठ. पाय आणि काठ या दोन गोष्टींवर सगळा खेळ आहे. पायांमुळे भांड्याखाली निखारे पसरता येतात आणि काठामुळे झाकणावर ठेवलेले निखारे घसरत नाहीत. खालून-वरून आच देता आली की ते भांडं न राहता भट्टी होते.

करायचं काय, ते इथे लिहून ठेवतो. चंपाषष्ठी ७ डिसेंबरला, शनिवारी आहे. नाशिकजवळ गिरणारे रस्त्यावर चुलतभावाच्या मळ्यात आम्ही बारा जण जमणार. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. हा रोडगा पूर्वी आत्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची. गुडघे धरल्यापासून तिला खाली बसता येत नाही, आणि गेली आठ-नऊ वर्षं रोडगा गॅसवरच्या तव्यावर होतो. दरवर्षी ती तो हातात घेते, उलटा करून बघते आणि म्हणते, "जाड भाकरी झाली रे ही, रोडगा नाही झाला." तिचं बरोबर आहे. तव्यावर आच एकाच बाजूने लागते. रोडग्याला सगळीकडून लागावी लागते. यंदा सबंध जेवण मळ्यात, उघड्यावर, निखाऱ्यांवर करायचं आणि रोडगा रोडग्यासारखा करायचा.

१२ ऑक्टोबर, दसरा

गंज काढला. साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पाऊण तास भिजवलं. त्याहून जास्त ठेवायचं नाही, गंज संपला की व्हिनेगर बिडाला खायला लागतं. मग तारेचा घासणा, लगेच धुणं, लगेच गॅसवर कोरडं करणं. ओलं बीड दहा मिनिटं नुसतं ठेवलं तरी त्यावर केशरी झाक येते, हे डोळ्यांदेखत झालं आणि झाकण पुन्हा घासावं लागलं.

गंज गेल्यावर बाहेरच्या अंगाला बारीक खरबरीतपणा दिसू लागला. हाताला लागतात ते वाळूचे कण नव्हेत, वाळूच्या साच्याचा ठसा आहे. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात फुगीर पोटाची लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्याच कामाचा हा वंशज. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत तपासणी विभागात ओतकामाचे भाग रोज हाताळतो. असा ठसा ओळखीचा असूनही स्वयंपाकाच्या भांड्यावर तो बघताना वेगळाच जिव्हाळा वाटला. हत्यारांच्या पूजेत झेंडूचं एक फूल याच्या झाकणावरही वाहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

तेल मुरवलं, म्हणजे तेलाचा पातळ थर तापवून बिडावर कडक बसवला. पुष्कळ जण यासाठी जवसाचं तेल सांगतात, कारण ते लवकर वाळून कडक होतं. पण तो थर पुढे पापुद्र्यासारखा सुटण्याची तक्रारही तितकीच ऐकली आहे. मी घाण्यावरचं करडईचं घेतलं. तेलाच्या वाळण्याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो, ते जितकं मोठं तितकं तेल लवकर वाळतं: जवसाचं १७० च्या वर, करडईचं १४० च्या आसपास, शेंगदाण्याचं शंभराच्या आत-बाहेर. करडई मधली आहे, आणि घरात असतेच.

आमच्या ओव्हनमध्ये हे भांडं पायांसकट मावत नाही. म्हणून अंगणात तीन विटांवर उपडं ठेवलं, खाली निखारे, वरून जुन्या पत्र्याचं झाकण. तेल लावायचं आणि मग लावलेलंच नाही असं समजून कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. यात हात आखडता घ्यायचा नाही, पुसायचं म्हणजे पुसायचं. पहिल्या वेळी मी कमी पुसलं, तर तळाला चिकट घामोळ्यांसारखे ठिपके आले. ते खरवडून पुन्हा. एक-एक तासाचे चार हात झाले. संध्याकाळी भांडं तपकिरीवरून काळ्यावर आलं आणि पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा पळाला.

२० ऑक्टोबर, रविवार

आचेची पहिली चाचणी. अमेरिकेत याचा एक सोपा नियम आहे. भांड्याचा व्यास इंचांत घ्यायचा, त्यात तीन मिळवून तितके निखारे झाकणावर, तीन वजा करून तितके खाली. १२ इंचीला वर १५, खाली ९. आत साधारण १६० ते १७५ अंश सेल्सियस मिळतात, आणि पुढे दोन-दोन निखारे वाढवले की दर जोडीला १४ अंशांच्या आसपास वाढ.

नियमाप्रमाणे केलं आणि आतला आकडा २३० च्या वर गेला.

कारण समोरच होतं. तिकडचे निखारे म्हणजे साच्यात दाबून केलेल्या, एकसारख्या, वीस-पंचवीस ग्रॅमच्या वड्या. आपल्याकडे पोत्यात येतो तो बाभळीचा लाकडी कोळसा. एक तुकडा अंगठ्याएवढा, दुसरा मुठीएवढा. मी २४ तुकडे मोजले खरे, पण वजन केलं तर ते ९८० ग्रॅम भरले. तुकडे मोजण्यात अर्थ नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

वजनाने केलं. आजचा दिवस मोठा गेला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा पाया आजच पडला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोळसा चाळला. वाळू चाळायच्या मोठ्या चाळणीतून खाली पडला तो चुरा बाजूला, मोठे तुकडे हातोडीने फोडून लिंबाएवढे केले. पेटवायला पत्र्याचा तेलाचा रिकामा डबा, तळाला आणि खालच्या अंगाला भोकं, आत मधोमध जाळी. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा. हवा खालून ओढली जाते, पंधरा-वीस मिनिटांत सगळा कोळसा फुलतो आणि फुंकणी लागत नाही. डबा निवडताना एक काळजी घ्यावी: जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, बादली, घमेलं यासाठी वापरू नये. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीला वाईट.

तापमानासाठी मल्टिमीटरची थर्मोकपलची तार झाकणाच्या फटीतून आत सोडली. तार बारीक आहे, झाकण नीट बसतं. न पेटलेला कोळसा आधी तराजूवर मोजायचा, मग पेटवायचा, पांढरी राख धरली की चिमट्याने मांडायचा. खालचे निखारे भांड्याच्या परिघावर गोलाकार, मधे मोकळं. वरचे झाकणाच्या काठालगत आणि थोडे मधे.

वर ३६० ग्रॅम, खाली १९० ग्रॅम: पंचवीस मिनिटांनी १६८ अंश. वर ४७०, खाली २४०: २०३ अंश. वर ३००, खाली ३००: आकडा १७५ चा, पण तळ इतका तापला की चिमूटभर कणीक टाकली ती चार मिनिटांत काळी. आकडा एकच असला तरी आच कुठून येते यावर पदार्थ ठरतो. भाजायचं असेल तर दोन भाग वर, एक भाग खाली. रस्सा किंवा भात असेल तर उलट, खाली जास्त.

या २५ मिनिटांचा हिशोबही मांडून बघितला. ९ किलो बीड १५० अंशांनी तापवायला सुमारे ६२० किलोज्यूल लागतात. एवढी उष्णता वीस-बावीस ग्रॅम कोळशात असते. आपण टाकतो साडेपाचशे ग्रॅम. म्हणजे बहुतेक सगळी उष्णता हवेत जाते आणि भांड्याच्या वाट्याला थोडी येते. म्हणूनच वारा इतका महत्त्वाचा ठरतो, तो वाटा तोच कमी-जास्त करतो.

बाभळीचा कोळसा ४० मिनिटांत निम्मा बसतो. अर्ध्या तासाने पुढचा हप्ता पेटवायला घ्यायचा, हे ठरवून टाकलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आत्या अण्णांना ओवाळायला आली. ओवाळणी झाल्यावर तिला अंगणात खुर्ची दिली आणि भांडं दाखवलं. तिने कडीला धरून उचलायचा प्रयत्न केला, जागचं हललं नाही. मग झाकणावर हात फिरवला आणि विचारलं, "वरचा विस्तव आत पडत नाही का?" नेमका तोच प्रश्न मलाही पडलेला आहे, उत्तर अजून शोधायचं आहे.

पिठाबद्दल तिच्याकडून काय मिळालं: बाजरी ताजी दळलेली हवी, आठ दिवसांवरची नको, कडवट होते. पाणी उकळतं. पीठ परातीत, मधे आळं, त्यात उकळतं पाणी, उलथण्याने कालवून पाच मिनिटं झाकायचं आणि हात सोसेल तेव्हा मळायचं. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्याने पीठ थोडं शिजतं आणि तेच त्याला धरून ठेवतं. "कडा फुटल्या तर समज, पाणी गार होतं," असं म्हणाली.

१० नोव्हेंबर, रविवार

रोडगा, चाचणी पहिली. सहा रोडगे, प्रत्येकी १२० ग्रॅमचा गोळा, जाडी साडेतीन सेंमी. वर ४७०, खाली २४०. तीस मिनिटांनी उघडलं. वरून रंग सुंदर, खाली तळाला टेकलेला भाग कोळसा, आत कच्चा ओला गोळा.

आणि राख. झाकण चिमट्याने एका बाजूने उचललं, ते कललं, आणि काठावरून राखेची बारीक धार थेट दोन रोडग्यांवर. आत्याचा प्रश्न आठवला. झाकणाच्या मधोमध उचलायला कान आहे, पण त्यातून चिमटा घातला की झाकण लटकतं, सरळ राहत नाही.

त्याच दिवशी दुपारी १० मिमीच्या सळईचा आकडा वाकवला. टोकाला कानात अडकणारा हूक, आणि त्याच्या मागे चार बोटांवर आडवी पट्टी वेल्ड केली. हूक कान उचलतो आणि आडवी पट्टी झाकणाच्या पाठीवर दाबून बसते, त्यामुळे झाकण पाण्याने भरलेल्या परातीसारखं सरळ वर येतं. झाकणावर वाटीभर राख पसरून वीस वेळा उचललं, खालच्या पांढऱ्या कागदावर कण पडला नाही. उचलण्याआधी निखारे झाडणीने हलकेच झाडायचे, हीही सवय लावून घेतली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दोन चुका, दोन्ही माझ्या.

पहिली: भांड्यात चिंचेची आमटी केली. अर्ध्या तासात ती काळपट झाली आणि जिभेला लोखंड लागलं. नव्या मुरवणीला आंबट सोसत नाही, तो थर अजून कोवळा आहे. वांग्याचंही तसंच, लोखंडात वांगं काळं पडतं. त्यामुळे भरिताची वांगी सरळ निखाऱ्यावर भाजायची आणि भरीत कल्हईच्या पितळी पातेल्यात कालवायचं. आमटी मेनूतून काढली.

दुसरी चूक मनाला लागली. बारा जणांना एक भांडं पुरणार नाही म्हणून मसालेभातासाठी आईची बिडाची जुनी कढई वापरायला घेतली होती. कांदा करपायला लागला म्हणून घाईत तांब्याभर गार पाणी ओतलं. टण् असा स्वच्छ, घंटेसारखा आवाज आला. काठापासून तळापर्यंत केसाएवढी रेघ, तिच्यातून पाणी झिरपून निखाऱ्यावर चुरचुरत होतं. बीड दाबाला दगडासारखं असतं, पण ताण सोसत नाही. त्याच्या आत ग्राफाइटच्या पापुद्र्यासारख्या फटी असतात आणि एकदम आकसलं की तडा तिथूनच धावतो. हे मी कामावर शिकाऊ मुलांना शिकवतो. आईची कढई चाळीस वर्षं टिकली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे, फेकू नको, तुळशीला होईल." कढई पुसून गच्चीवर ठेवली आहे. यापुढे मळ्यावर उकळत्या पाण्याची किटली सतत निखाऱ्यापाशी राहील. भांड्यात पाणी घालायचं ते तिच्यातलंच.

१७ नोव्हेंबर, रविवार

भांडी बाजारात गेलो. पितळ, तांबं आणि स्टील यांच्या गर्दीत बिडाची भांडी मागच्या फळीवर असतात. आठ कढया उलट्या करून, प्रत्येकीवर बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकल्या. तडा नसलेली कढई लांब वाजते, आत दोष असला की आवाज लगेच बसतो. सहावी घेतली. वर झाकण म्हणून खोलगट बिडाचा तवा घेतला.

तवा हे झाकण म्हणून फार छान काम करतं. त्याचा खोलगट पृष्ठभाग गोलाच्या तुकड्यासारखा, कढईचं तोंड वर्तुळ. गोल वर्तुळात बसवला की तो सगळीकडून टेकतो, थोडा कलला तरी टेकलेलाच राहतो. शिवाय खोलगटपणात निखारे आपोआप बसतात. कडेला जिथे फटीतून कागद आत सरकला तिथे कणकेची वळी लावायची, दमाला लावतात तशी.

२४ नोव्हेंबर, रविवार

मळ्यावर पहिली पूर्ण तालीम. भावाने बांधाजवळ, शेततळ्याच्या अलीकडे जागा साफ करून ठेवली होती. वाळलेलं गवत काढून चारही बाजूंनी दोन हात माती उघडी केली, पाण्याचा ड्रम शेजारी.

वहिनींनी विचारलं, छाटणीच्या काड्यांचा एवढा ढीग पडलाय, कोळसा कशाला विकत आणता? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागेत काड्यांना तोटा नसतो, आणि वेलीचं जुनं खोड छान जळतं. पण त्या काड्यांवर वर्षभराच्या फवारण्या असतात, बोर्डो मिश्रणाचं तांबं असतं, बुरशीनाशकं असतात. त्यांच्या धुरावर अन्न भाजायला माझं मन तयार होईना. भावालाही पटलं. काड्या कुट्टी करून बागेतच जातील.

रोडगा, चाचणी चौथी (दुसरी-तिसरी घरी मधल्या आठवड्यात झाली, तळ करपण्याचाच प्रश्न). आज तळाला तीन सारखे खडे ठेवून त्यावर भोकांची स्टीलची ताटली ठेवली. रोडगे त्या ताटलीवर, बिडाला कुठेच न टेकता. गोळा ९० ग्रॅम, जाडी अडीच सेंमी. तार एका रोडग्याच्या पोटात खुपसली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे रोडग्याच्या पोटातला आकडा ९६-९७ वर पोचून थांबला की आतलं पीठ शिजलं. २४ व्या मिनिटाला पोचला. पुढची आठ मिनिटं वरच्या कवचासाठी.

उघडलं तर निम्मे रोडगे उत्तम, निम्मे फिकट. गंगापूर धरणाकडून संध्याकाळी वारा सुटतो. वाऱ्याच्या बाजूचे निखारे धगधगत होते, आडोशाचे राखेखाली झोपले होते. उपाय जुनाच आहे: दर दहा मिनिटांनी भांडं कडीला धरून पाव फेरा उजवीकडे, मग झाकण आकड्याने उचलून पाव फेरा डावीकडे. म्हणजे एकाच जागी सारखी आच लागत नाही. शिवाय दोन पत्रे उभे करून कोपरा केला. पुढचा घाणा सगळीकडून सारखा उतरला.

१ डिसेंबर, रविवार

ढगाळ, दमट. पोत्यातला कोळसा ओलावला, पेटायला पस्तीस मिनिटं घेतली, सुरुवातीला तडतडून ठिणग्याही उडाल्या. पोतं पत्र्याच्या पिंपात हलवलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

सामान भरलं. कोळसा लिंबाएवढा फोडून, ७१० ग्रॅमच्या कागदी पिशव्यांत मोजून: रोडग्याचा एक हप्ता म्हणजे एक पिशवी, ४७० वर आणि २४० खाली. अशा सहा पिशव्या, भातासाठी वेगळ्या चार. अंधारात तराजू बघत बसायला नको. चामड्याचे हातमोजे, आकडा, दोन चिमटे, किटली, झाडणी, पत्रे. बाजरी आज संध्याकाळी दळून आणली, पिठाला अजून जात्याची ऊब होती.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

साडेचारला मळ्यावर. रस्त्यात ओझरच्या यात्रेला निघालेल्या गाड्या, भंडाऱ्याने पिवळे झालेले लोक.

पाचला पहिले दोन डबे पेटवले. वांगी आधी. मोठी, हिरवी, पांढऱ्या रेघांची भरिताची वांगी आणली होती. त्यांना सुरीने दोन-दोन टोचे मारून, तेलाचा हात फिरवून सरळ निखाऱ्यावर ठेवली. साल काळी पडून सुरकुतली, देठापाशी रस उकळून फुसफुसू लागला की वांगं झालं. वहिनींनी ती परातीत झाकून ठेवली आणि सालं काढून पितळी पातेल्यात भरीत कालवलं: ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. पाणी नाही.

भात कढईत. इगतपुरीकडची इंद्रायणी, एक किलो. मसाला, तोंडली, मटार परतून तांदूळ टाकले आणि किटलीतलं उकळतं पाणी घातलं. कढई नुसती चुरचुरली, तेवढ्यानेही माझा श्वास क्षणभर अडकला होता. खाली ३५० ग्रॅम, वरच्या तव्यात १५०. वीस मिनिटांनी खालचे निखारे चिमट्याने ओढून काढले आणि वरचे राहू दिले. इंद्रायणी चिकट असते, तिला जास्त ढवळलं तर गोळा होतो. ती झाकूनच मुरू दिली.

मग रोडगे. आत्यासाठी लाकडी खुर्ची भट्टीपासून चार हातांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशी ठेवली होती. परात तिच्या मांडीवर. पीठ मीच मळलं, गोळे तिने केले. तळहातावर गोळा फिरवत, अंगठ्याने कड दाबत, आणि दोन कडा फुटलेले गोळे तिने न बोलता पाणी लावून पुन्हा मळायला परत दिले. चोवीस रोडगे, बाराचे दोन घाणे.

पहिला घाणा सहा वाजून दहा मिनिटांनी लावला. सूर्य मावळला होता, गारवा उतरायला लागला होता. झाकण लावल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. पंधराव्या मिनिटाला झाकणाच्या फटीतून वाफेची बारीक रेघ निघते, तिला ओल्या पिठाचा वास असतो. विसाव्या मिनिटाला तो वास पालटतो, भाजलेल्या बाजरीचा, किंचित गोडसर होतो. तार आत होतीच, मीटरने ९६ दाखवले, पण मी ते सांगायच्या आधीच आत्याने मान वर केली होती आणि ती म्हणाली, "आता फिरव."

फिरवलं. बत्तिसाव्या मिनिटाला निखारे झाडले, आकडा अडकवला, झाकण सरळ वर उचललं. वाफेचा लोट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात बारा रोडगे दिसले. वर तपकिरी, मधे बारीक भेगा, कडेला सोनेरी, राखेचा कण नाही. पहिला आत्याच्या हातात दिला. तिने पदराने धरून उलटा केला. खालचा रंगही वरच्यासारखाच होता. अंगठ्याने दाबला, कवच मोडल्याचा आवाज आला. दोन अर्धे करून नाकाशी धरले आणि म्हणाली, "पहिले पाच देवाला काढ."

तळी भरली. ताम्हनात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, पाच जणांचे हात. येळकोट येळकोट जय मल्हार. आत्याने खुर्चीतूनच ताम्हनाला हात लावला. नैवेद्य भरीत, रोडगा, कांद्याची पात आणि लसूण.

जेवताना रोडगा फोडून त्यावर तूप, वर भरीत. भावाने चार खाल्ले. भात तळाला किंचित लागला होता, तो खरपूस थर मुलांनी उलथण्याने काढून वाटून घेतला. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा चांगला झाला, कारण बीड आधीच तापलेलं होतं. त्याला २७ मिनिटं पुरली. पुढच्या वेळी रिकामं भांडं आधी अर्धा तास तापवून ठेवायचं.

नऊनंतर थंडी चांगलीच पडली. एका पाहुण्यांनी सुचवलं, उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत ठेवू, मुलं तिथे झोपतील. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि सगळ्यांना बसवून सांगितलं. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस उठत नाही. धूर दिसत नाही म्हणजे कोळसा विझला असं नाही. मुलांना जादा गोधड्या दिल्या. निखारे उघड्यावरच पाणी ओतून विझवले, काडीने उकरून पुन्हा ओतलं, हात लावून गार असल्याची खात्री केली. भांड्यांना मात्र पाणी लावलं नाही. ती आपापली गार होऊ दिली.

८ डिसेंबर, रविवार

भांडं कोमट पाण्याने आणि काथ्याने धुतलं, गॅसवर सुकवलं, करडईचा पातळ हात दिला. तळाला थर एकसारखा काळा झाला आहे, चिंचेच्या आमटीने उडालेला भागही भरून आला. भांडं आणि झाकण यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवली, हवा खेळावी म्हणून. आता पोत्यात आणि माळ्यावर नाही, स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात.

कोळशाचा हिशोब: रोडग्याच्या दोन पिशव्या आणि भरतीची एक, भाताच्या दोन, वांग्यांना आणि किटलीला सुट्टा सुमारे दोन किलो. उरलेल्या पाच पिशव्या पिंपात आहेत.

सकाळी भाच्याला फोटो पाठवला. त्याने एवढंच विचारलं, झाकणाचा आकडा कसा केलास, त्याच्या मापांचं चित्र पाठव. संध्याकाळी काढून पाठवतो.